महाडहून येतानाचा वारा

जातानाच्या गप्पा सगळे मारतात. येतानाचं मला विचारा.

जाताना वारा पाठीवर असतो. मार्च महिन्यात दुपार झाली की समुद्राकडून जो वारा सुटतो, तो महाडकडे जाणाऱ्याला ढकलतो आणि महाडहून येणाऱ्याच्या तोंडावर बसतो. दिवस मावळेपर्यंत दम म्हणून खात नाही. आमचे हे दरवर्षी वीस मार्चसाठी चवदार तळ्यावर जातात. अंबरनाथहून सायकलवर जातात आणि सायकलवरच परत येतात. परत आले की दोन दिवस तोंडातून शब्द काढत नाहीत. मला वाटायचं, तळ्यावरचं काहीतरी मनात घोळत असेल. यंदा मी बरोबर गेले तेव्हा कळलं, मनात बिनात काही नसतं, अंगात बोलण्याइतका जीवच उरत नाही.

ह्यांचं नाव आनंदा. रागात असले की मी आनंदराव म्हणते, आणि मी बऱ्याचदा रागात असते. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत हे बॉयलरवर होते, आता रिटायर आहेत. बॉयलरच्या आवाजात कोण कुणाशी बोलणार? त्यामुळे ह्यांची बोलायची सवयच गेली. मी बोलायची आणि हे मान हलवायचे, असा आमचा संसार झाला. माणूस वाईट नाही. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. पण हट्टी! सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, तशातली गत.

ह्यांचं एक वाक्य आहे, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गाव नगर जिल्ह्यातलं. लहानपणी आईबरोबर दुसऱ्याच्या शेतावर कामाला जायचे. तहान लागली की मालकाची बाई पोराला ओंजळ धरायला लावायची आणि हातभर उंचावरून पाणी सोडायची. तांब्याला पोराचा हात लागू नये म्हणून. निम्मं पाणी तोंडात, निम्मं सदऱ्यावर. एक दिवस ह्यांनी ओंजळ धरलीच नाही. "तहान नाही," म्हणाले. संध्याकाळी ओढ्यावर जाऊन पोट फुटेस्तोवर प्यायले. तेव्हापासून ते वाक्य जिभेवर बसलं ते बसलंच. लग्नाला जा, बारशाला जा, कंपनीतल्या साहेबाच्या घरी जा, समोर पाण्याचा ग्लास आला की आमचे हे म्हणणार, "तहान नाही." आणि घरी आले की माठापाशी उभे राहून दोन तांबे रिचवणार. तेही वरून, ओठ न लावता. स्वतःच्या घरात! मी म्हणायचे, आनंदराव, ग्लास काय चावतो का? ऐकतील तर शपथ.

सायकल काळी, जुन्या घडणीची, गियर वगैरे काही नाही. दर रविवारी तिला उलटी करून चेनला तेल, ब्रेकला रबर, सगळं स्वतः. फक्त मागच्या मडगार्डचा खडखडाट ह्यांना आजवर घालवता आला नाही. हे गल्लीत शिरले की आवाजावरूनच मी चहा टाकते. पूर्वी आमच्या वस्तीतून महाडला सायकलींचा तांडा निघायचा. मग पोरांकडे मोटारसायकली आल्या, म्हातारे बसने जाऊ लागले. शेवटी हे आणि ह्यांचे मित्र रामभाऊ, दोघंच उरले. यंदा रामभाऊंचा गुडघा बदलला. ते काठी टेकत घरी आले आणि मला म्हणाले, "वहिनी, आनंदाला एकट्याला सोडू नका. मागच्या वर्षी येताना त्याला चक्कर आलीवती. त्याने सांगितलं नसेल."

नव्हतंच सांगितलं.

मी ह्यांना म्हटलं, "मी येते." हे माझ्याकडे बघत राहिले. म्हटलं, "बघता काय? मी पण रोज सायकलवर उल्हासनगर कॅम्प पाचला कामाला जाते. जीन्सचे धागे कापून कापून बोटं गेली माझी, पाय नाही गेले." हे म्हणाले, "येताना वारा असतो." मी म्हटलं, "वारा काय मी पाहिला नाही?"

नव्हता पाहिला, ते सोडा. पण माझं जाण्याचं कारण चक्कर एवढंच नव्हतं. कारण किर्ती होती.

किर्ती आमची एकुलती एक. उल्हासनगरला एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती, समोर दिपेशचं पडद्याच्या कापडाचं दुकान. सिंधी पोरगा. मराठी आपल्यापेक्षा चांगली बोलतो, चिडला की तेवढा हिंदीत जातो. पोरीने घरी सांगितलं तेव्हा माझ्या सख्ख्या भावाने विचारलं, "आपल्यात पोरं संपली काय?" ह्यांनीच त्याला गप केलं. म्हणाले, "तिने निवडलं. विषय संपला." मला केवढा अभिमान वाटला होता ह्यांचा त्या दिवशी.

मग दिपेशचे चाचा आमच्याकडे बोलणी करायला आले. चहा झाला, बिस्किटं झाली. निघताना चाचा इकडेतिकडे बघत म्हणाले, "बहुत साफ-सुथरा घर है आपका. लगता ही नहीं कि..." आणि थांबले. त्यांना वाटलं, आपण कौतुक केलं. दिपेशने मान खाली घातली. हे उठले आणि सगळ्यांचे कप स्वतः धुवायला घेतले.

लग्न झालं. लग्नात सगळं नीट. पुढे आम्ही पहिल्यांदा पोरीच्या सासरी गेलो. सिंध्यांच्या घरी पाहुणा आला की आधी पापड आणि पाणी येतं, ते नाही दिलं तर घराची लाज, आणि ते नाही घेतलं तरी घराची लाज. विहीणबाई स्वतः पापड भाजून, ट्रे घेऊन आल्या. आमचे हे म्हणाले, "तहान नाही." त्यांना वाटलं, संकोच असेल. पुन्हा ट्रे पुढे केला. हे पुन्हा म्हणाले, "तहान नाही." ती बाई ट्रे धरून तशीच उभी. ग्लास ट्रेमध्ये थरथरत होते. मी दोन ग्लास प्यायले, तीन पापड खाल्ले, पण माझ्या खाण्याला कोण विचारतं? किर्तीने ते सगळं दारातून पाहिलं.

त्या दिवसापासून बाप-लेकीचं बंद. आणि मी मध्ये. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी माझी अवस्था. किर्तीने पुढे चिखलोलीला नवीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, सासू तिच्याजवळच राहते. दर बुधवारी कामावरून सुटले की मी डबा घेऊन तिकडे जाते. आल्यावर हे विचारत नाहीत कुठे गेली होतीस, मी सांगत नाही. दोघांनाही माहीत असतं. असं तीन वर्षं. दमले हो मी. कामाने माणूस दमतं ना, त्याला झोप घेतली की उतारा पडतो. याला उतारा नव्हता.

आणि आता किर्तीला दिवस गेले. सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी सांगायला पाहिजे? ह्यांनीसुद्धा न बोलता आतली खोली रिकामी केली, लोखंडी पलंगाला रंग दिला, खिडकीला जाळी बसवली. एक दिवस मला म्हणाले, "तिला कधी आणायचं?" मी फोन लावला. तर आमची कन्या म्हणते, "मी येते. पण आधी बाबांनी माझ्या घरी यायचं, माझ्या सासूच्या हातचं पापड-पाणी घ्यायचं. नाहीतर माझं सासूच करेल." बापाची लेक शोभते! मी ह्यांना सांगितलं. हे उठले, सायकल काढली आणि बाहेर गेले. पुन्हा विषय काढला, पुन्हा सायकल. घरात धरून बोलावं तर माणूस हाती लागत नाही. म्हणून म्हटलं, महाडच्या रस्त्यावर कुठे जाशील पळून? बोलून बोलून वाकवीन.

जातानाचं काय सांगू, मजेत गेलो. कर्जत, खोपोली, पाली करत माणगावच्या पुढे. ह्यांच्या हँडलला बांबूवर निळा झेंडा बांधलेला, तो वाऱ्याने पुढे पुढे उडत होता. लोक थांबवून जयभीम करत होते, कुणी केळी देत होतं. तळ्यावर ही गर्दी. हे रांगेत उभे राहिले, खाली उतरून ओंजळ भरली आणि पाणी प्यायले. सावकाश, डोळे मिटून. त्या वेळी ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी मनात म्हटलं, आता येताना बोलते.

आणि येताना तो वारा.

महाड सोडलं आणि हायवेला लागलो तसा कुणीतरी छातीवर पंजा ठेवून मागे लोटावं तसं झालं. उतारावरसुद्धा पाय मारावे लागत होते, सांगते काय! कानात नुसता घुंई घुंई आवाज. डोळ्यांत धूळ, ओठांवर धूळ. जाताना पुढे उडणारा झेंडा आता ह्यांच्या तोंडावर फडाफडा बसत होता. हे पुढे, मी मागे. हेच म्हणाले होते, "माझ्या चाकाला चिकटून राहा, वारा मी खातो. मान खाली घालायची, कोपरं आत. पुढचं गाव बघायचं नाही, पुढचं झाड बघायचं. आलं की त्याच्या पुढचं." एवढं लांबलचक वाक्य मी ह्यांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

मग मी सुरुवात केली. ह्यांच्या पाठीला उद्देशून सगळं बोलले. पोरीचं बोलले, पलंगाच्या रंगाचं बोलले, माझ्या बुधवारांचं बोलले. हे मान खाली घालून पायडल मारत होते. मध्येच मान हलल्यासारखी दिसायची. मला वाटलं, पटतंय. दुप्पट जोराने बोलले. घसा फाटला माझा. लोणेऱ्याच्या पुढे मी रडकुंडीला येऊन म्हटलं, तुम्हाला माझी शपथ आहे. तेव्हाही मान हलली.

रात्री कोलाडजवळ एका विहारात मुक्काम होता. पाय मीठ-पाण्यात सोडून बसलो होतो. मी विचारलं, "मग काय ठरवलंत?"

हे म्हणाले, "कशाचं?"

"अहो, सगळी दुपार मी काय बोलत होते?"

"काही बोलत होतीस? वाऱ्यात मागचं काही ऐकू येत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. माझं सगळं भाषण मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी ऐकलं असणार. परत सांगायला तोंड उघडलं, तर आजूबाजूला आणखी माणसं झोपायच्या तयारीत, आणि ह्यांनी हात वर करून "नको आता" केलं. मलाही खरंच नको होतं. अंग नुसतं ठणकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरं होतं. खोपोलीपर्यंत वारा कधी अंगावर, कधी आडवा, चाललं. कर्जत सोडलं आणि पुन्हा तेच, दुपार आणि समोरून वारा. आता तर आदल्या दिवसाचा शिणही होता. नेरळच्या पुढे ह्यांची सायकल हलायला लागली. सरळ रेघेत चालवणारा माणूस, तो रस्त्यावर नागमोडी. मी ओरडले, पण ऐकू कुठे जातंय. शेवटी जोर मारून पुढे गेले आणि सायकल आडवी घातली. हे उतरले. एका मोरीच्या कठड्यावर बसले. ओठ फुटून रक्त आलं होतं. मग उठले, बांबूवरचा झेंडा सोडवला, नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या आत छातीशी ठेवला. रामभाऊ म्हणायचे, वादळ आलं तरी आनंदा झेंडा उतरवणार नाही. मला कसंतरीच झालं ते बघून.

आमच्या बाटल्या रिकाम्या होत्या. ढकलत ढकलत वांगणीच्या अलीकडे आलो तर एक बाई रस्त्याकडेला काकड्या विकत बसलेली. आमची अवस्था बघून तीच उठली, मडक्यातून तांब्या भरला आणि ह्यांच्यासमोर धरला. "घ्या दादा, प्या."

आणि आमचे हे, फुटलेल्या ओठांनी, म्हणतात काय? "तहान नाही."

बाई गं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तांब्या घेतला, घटाघटा प्यायले, तिच्याकडूनच बाटली भरून घेतली, चार काकड्या घेतल्या आणि पुढे जाऊन ती बाटली ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी मान वर करून निम्मी बाटली संपवली. तेच पाणी, त्याच मडक्यातलं. बाटली आपली झाली तशी तहान लागली, तांब्या दुसऱ्याचा होता तोवर नव्हती.

"आता मी पुढे," मी म्हटलं.

"तुला जमणार नाही. वारा..."

"आनंदराव, गप गुमान मागे या. चाकाला चिकटून."

मी पुढे झाले. आई शप्पथ, इतकी वर्षं हा माणूस काय खात होता ते मला तेव्हा कळलं. मागे असताना निम्मा वारा लागत होता, आता सगळा. पाय शिसं झाले. पण एक गोष्ट लक्षात आली. मागून पुढे आवाज जात नाही, पण पुढून मागे जातो. मी जे बोलेन ते वारा उचलून ह्यांच्या कानात घालणार होता, आणि ह्यांना मध्ये बोलायची सोय नव्हती. सायकल काढून कुठे पळणार? सायकलवरच तर होते.

मी मान न वळवता बोलायला लागले. म्हटलं, "ऐका. लहानपणी तुम्हाला वरून पाणी ओतलं. तुम्ही तहान नाही म्हणालात, बरोबर केलंत. मी असते तर तांब्या हिसकावून फेकला असता. पण ती सिंधी बाई वरून ओतत होती का हो? हातात ग्लास देत होती. पापड स्वतः भाजला होता. चाचा बोलला, त्याचं तोंड घाण. तिचा हात काय घाण होता?"

मागून नुसता मडगार्डचा खडखडाट, तो तेवढा वाऱ्यालाही दाबता येत नाही. म्हणजे आहेत मागे.

"दरवर्षी एवढी सायकल हाणत जाता. कशाला? तर पाणी सगळ्यांचं आहे, कुणी कुणाला नाही म्हणू नये. मग घराशेजारी चिखलोलीत तुम्ही काय करता? आमचं पाणी निराळं, तुमचं निराळं. हेच करताय ना? तेव्हा त्या लोकांनी केलं, आता तुम्ही करताय. ती बाई ट्रे घेऊन उभी होती तेव्हा मला तुमच्यात तुमची मालकीण दिसली. शेतावरची. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं."

एवढं बोलून माझी मीच घाबरले. असं बोलायचं ठरवलं नव्हतं. पण निघून गेलं तोंडातून, आणि वाऱ्याने नेलं ते सरळ ह्यांच्याकडेच.

"तुमच्या पोरीला सातवा महिना आहे," मी म्हटलं, "तिला आई पाहिजे. मला ती पाहिजे. पलंगाला रंग देऊन काय होणार, त्यावर झोपणार कोण? मी थकले हो. तुमच्या दोघांच्या हट्टात मी झिजून गेले." मी रडत होते. वाऱ्यात रडायचं एक बरं असतं, पाणी गालावर टिकत नाही.

बदलापूर आलं. गर्दी, रिक्षा, सिग्नल. काही बोलायची सोय नव्हती आणि माझ्याकडे काही उरलंही नव्हतं. मघाचा राग पण उरला नव्हता. बदलापूर मागे पडलं, पुन्हा मोकळा रस्ता, पुन्हा वारा. चिखलोलीचं वळण दिसायला लागलं तेव्हा मनात आलं, हात दाखवू का वळायला? नाही दाखवला. वळवून वळवून मी किती वळवणार? म्हटलं, घरी जाऊ, आंघोळ करू, पडू. किर्तीचं तिची सासू करेल. चांगलीच आहे ती बाई.

मी वळण ओलांडून सरळ पुढे गेले. थोडी गेले असेन, आणि जाणवलं की मागे आवाज नाही. मडगार्ड वाजत नाही. चक्कर! पाय टेकून वळून बघते तर हे वळणावर उभे. सायकलवरून उतरलेले, हँडल धरून.

मी सायकल वळवली. पाठीवर वारा आला तशी आपोआप ह्यांच्यापाशी येऊन पोचले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या उंच बिल्डिंगींकडे बघत म्हणाले, "ह्यातली कुठली?"

वर जाताना लिफ्टच्या आरशात दोघांची तोंडं दिसली. धुळीने पांढरी, डोळे लाल. कुणी भिकारी समजून हाकलून दिलं असतं. मी बेल दाबली.

दार विहीणबाईंनी उघडलं. मला बघून हसल्या, मग मागे ह्यांना बघितलं आणि हसू तिथल्या तिथे थांबलं. "आओ, आओ," म्हणाल्या. किर्ती आतून पोटावर हात ठेवून आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. आम्ही बसलो. नेहमी मी आले की चप्पल काढेपर्यंत ट्रे हजर असतो. त्या दिवशी विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. मागे वळून ह्यांच्याकडे बघितलं. मी समजले. त्या घाबरल्या होत्या. आणावा ट्रे, आणि हा माणूस पुन्हा तेच म्हणाला तर? किर्ती पण पाणी आणायला हलली नाही. खिडकीतून वारा येत होता, पडदा उडत होता, आणि पाच फुटांवर माठ होता.

ह्यांनी सदऱ्यावरून छातीपाशी हात फिरवला. आत झेंडा होता तिथे.

"ताई," हे म्हणाले, "तहान लागलीय."

उभ्या आयुष्यात ह्या माणसाने कुणाकडे पाणी मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. आईकडेसुद्धा मागत नसत, सासूबाई सांगायच्या.

विहीणबाई ज्या पळाल्या! गॅस पेटल्याचा आवाज, पापड करपल्याचा वास, भांडं पडल्याचा आवाज, सगळं एकदम. ट्रे आला. एका बाजूने काळा झालेला पापड आणि पाणी. त्या ट्रे धरून उभ्या, ग्लास पुन्हा तसाच थरथरत. ह्यांनी दोन्ही हातांनी ग्लास उचलला. मला वाटलं, आता मान वर करणार. पण ह्यांनी ग्लासाला ओठ लावले. फुटलेल्या ओठांचं रक्त काचेला लागलं. सगळं प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि रिकामा ग्लास पुढे धरला. "अजून एक."

किर्ती तोंडावर ओढणी दाबून रडत होती. मग तिथेच बापाच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बाबा, पापड करपलाय, दुसरा भाजते." हे म्हणाले, "असू दे," आणि तोच खाल्ला. विहीणबाई दिपेशला फोन लावत होत्या, सिंधीत काहीतरी ओरडून सांगत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या. हे तिसरा ग्लास पीत होते. किर्ती विचारत होती, खोलीला रंग कुठला दिला?

मला कुणी पाणी विचारलंच नाही. मी आपली उठले, आत गेले आणि माठातून घेऊन प्यायले.